धंदा माझ्याच्यानं होईल का?

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या महिन्यातल्या पत्रांत यंत्राची किंमत आणि अनुदानाचे टक्के विचारणारे कमी, आणि ‘माझा स्वभाव धंद्याला चालेल का’ असं विचारणारे जास्त निघाले. आम्हाला हे बरं वाटलं. गावातला धंदा बंद पडतो तेव्हा पुष्कळदा यंत्र ठीकठाक असतं, पण ते चालवणाऱ्याचा आणि त्या कामाचा मेळ बसलेला नसतो. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं आहे. घरचे म्हणतात, ‘हे पोट्टं तोंड उघडत नाही, गिऱ्हाईक काय सांभाळन?’ मोबाइलवर स्वभावाची चाचणी दिली, तिच्यातही मी अंतर्मुख निघालो. विचार सोडून द्यावा का?

उत्तर : या कारणासाठी तर मुळीच सोडू नका. माणसांचे सोळा प्रकार पाडणाऱ्या ज्या चाचण्या मोबाइलवर फिरतात, त्या काही आठवड्यांनी पुन्हा दिल्या तर पुष्कळांचा प्रकार बदलतो. त्यांच्यावर आयुष्याचा निर्णय टांगू नये. संशोधन काय सांगतं तेही पाहा. झाओ आणि सीबर्ट या अभ्यासकांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून उद्योजक आणि नोकरीतले व्यवस्थापक यांच्या स्वभावांची तुलना केली. बोलकेपणात दोघांत म्हणावा असा फरक सापडला नाही. सगळ्यात मोठा फरक होता तो काम चोख, नेटानं आणि ठरल्या वेळी पार पाडण्याच्या सवयीत. म्हणून ‘मी किती बोलतो’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘मी दिलेला शब्द किती पाळतो’ हे तपासा.

त्यासाठी चाचणी लागत नाही, एक वही पुरते. सहा आठवडे रोज लिहा : कोणाला काय कबूल केलं, कधीपर्यंत, आणि प्रत्यक्षात काय झालं. मित्राला ‘सकाळी येतो’ म्हटलं तेही लिहा, आईला फ्यूज बांधून देतो म्हटलं तेही. शेवटी मोजा. दहापैकी आठ शब्द वेळेवर पाळले गेले असतील, आणि उरलेल्या दोन वेळी तुम्ही आधीच कळवलं असेल, तर तुमच्याजवळ दुकानाचं खरं भांडवल आहे. पाच-सहाच पाळले जात असतील तर दुकान सहा महिने पुढे ढकला आणि आधी ही सवय लावा. सवय लागते. ती जन्मासोबत मिळते असं नाही.

दुसरं काम : तुमच्याशी व्यवहार झालेल्या चार माणसांना भेटा. आयटीआयचे निदेशक, ज्यांच्याकडे वायरिंगला गेलात ते ठेकेदार, पैसे उसने दिलेला किंवा घेतलेला एखादा माणूस, आणि सोबत राबलेला मित्र. ‘मी कसा आहे’ असं विचारू नका, तोंडावर सगळे गोडच बोलतात. असं विचारा : ‘माझ्यावर कोणतं काम डोळे मिटून सोपवाल? कोणतं कधीच सोपवणार नाही? माझ्यामुळे तुमचं काम शेवटी कधी अडलं?’ ऐकताना स्वतःची बाजू मांडू नका, फक्त लिहून घ्या. दोघांनी वेगवेगळं बसून एकच गोष्ट सांगितली तर ती खरी धरा.

आता तुमच्या धंद्याकडे या. रिवाइंडिंगला शांत, बारीक नजरेचा माणूस लागतो. जळालेली मोटर उघडली की जुनी तार कापण्याआधी खाचा किती, एका कॉइलला आटे किती, तारेचा गेज कोणता, पिच किती आणि जोडणी कशी, हे सगळं वहीत उतरवावं लागतं. घाईत हे न लिहिता तार काढून टाकणारा कारागीर मग अंदाजानं आटे भरतो. आटे कमी भरले गेले तर मोटर जास्त करंट खेचते, तापते आणि थोड्याच दिवसांत परत दुकानात येते. आणखी एक कसोटी आहे. चांगला कारागीर मोटर परत देण्याआधी ती जळाली कशानं हे विचारतो : व्होल्टेज कमी होतं, एक फेज गेला होता, की विहिरीतलं पाणी उतरल्यावर पंप कोरडा चालला? कारण सांगितलं नाही तर तीच मोटर पुन्हा जळते आणि दोष तुमच्या वाइंडिंगवर येतो. तुम्हाला हे ‘का’ विचारायची ओढ आहे का? असेल तर अबोलपणा आड येत नाही.

बोलावं लागतं ते दोनच ठिकाणी, खर्च सांगताना आणि तारीख देताना. दोन्ही कागदावर करा. छापील पावतीवर तार किती किलो, मजुरी, बेअरिंग किंवा बुश, देण्याचा दिवस. खाली दोघांच्या सह्या. जुन्या तांब्याच्या तारेचं काय करायचं हेही त्याच पावतीवर लिहा, गिऱ्हाइकाला परत द्यायची की मजुरीत वळती करायची. या धंद्यातली निम्मी भांडणं त्या जुन्या तारेवरून होतात.

एक गोष्ट मात्र तुम्हाला बसून कळणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू असतं. एकाच दिवशी तीन शेतकरी मोटर घेऊन दारात उभे राहतात आणि तिघांनाही आजच हवी असते. तेव्हा तुम्ही काय करता? तिघांनाही हो म्हणता, चिडता, की एकाला आज, दुसऱ्याला उद्या दुपारी असं स्पष्ट सांगता? हे पाहण्यासाठी दिग्रस किंवा यवतमाळच्या एखाद्या दुकानात एक अख्खा रब्बी हंगाम कमी पगारावर का होईना, काम करा. तिथे स्वतःला पाहिलंत की तुमच्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनाही द्यावं लागणार नाही.

प्रश्न : माझं शिक्षण दहावीपर्यंत झालं, इंग्रजी येत नाही. उद्योग करता येईल का? (अर्जुनी मोरगाव तालुका)

उत्तर : येईल. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम ही कर्ज आणि अनुदानाची सरकारी योजना आहे. तिच्यात १० लाखांवरचा उत्पादन प्रकल्प किंवा ५ लाखांवरचा सेवा प्रकल्प असेल तरच आठवी पासची अट लागते, आणि ती तुम्ही ओलांडली आहे. लहान उद्योगाची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. इंग्रजीची काळजी सोडा, पण टक्केवारी, व्याज आणि वजनमाप यांचा हिशेब तोंडी करता येतो का ते पाहा. येत नसेल तर गावातल्या शाळेच्या गुरुजींकडे महिनाभर बसा. तिथे लाज वाटून घेऊ नका.

प्रश्न : मी समुद्रपूर तालुक्यात बचत गटात आहे. माझ्या हातच्या कुरडया, पापड, मूगवड्या साऱ्यांना आवडतात. लग्नकार्यात लोक मागून नेतात. गटातल्या बायका म्हणतात, धंदा कर. पण मला पैसे मागता येत नाहीत. ‘चुकारा आला का देतो वहिनी’ म्हटलं की मी गप्प बसते. माझ्यात धंद्याचा गुण आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या हाताला चव आहे हे पत्रावरून दिसतं. हा मोठा गुण आहे. पण कौतुक वेगळं आणि विक्री वेगळी. घरचा, नात्यातला, गटातला माणूस चांगलंच म्हणणार. म्हणून आधी तुमचा माल अनोळखी माणसासमोर ठेवून पाहा.

समुद्रपूर किंवा हिंगणघाटच्या आठवडी बाजारात सलग चार आठवडे बसा. पाव किलोची पाकिटं करा, त्यांवर गटाचं नाव, तारीख आणि किंमत लिहा. पहिल्या दिवशी घेणाऱ्या ओळखीच्या लोकांची नोंद वेगळी ठेवा. मोजायचं ते अनोळखी गिऱ्हाइकांना. वीस अनोळखी लोकांनी एकदा घेतलं आणि महिनाभरात त्यांतले पाच-सहा जण न बोलावता परत आले, तर माल चालतो असं समजा. एक-दोघेच आले तर किंमत, चव किंवा पाकीट यांपैकी कशात खोट आहे ते त्यांनाच विचारा. बाजारात बसायलाच जीव होत नसेल, तर हेही स्वतःबद्दल कळलेलं मोलाचं आहे. मग विक्री दुसरी करेल, तुम्ही माल करा.

आता हिशेब. बहुतेक गट सामानाचा खर्च धरतात आणि स्वतःचे हात फुकट धरतात. समजा डाळ, पीठ, तेल, मसाला, सरपण आणि पिशव्या मिळून १,४०० रुपये लागले, बाजाराला जायला ऑटोचे १०० आणि माल विकला २,४०० ला. ९०० उरले म्हणून बरं वाटतं. पण त्यासाठी तिघींचे मिळून ३० तास गेले असतील तर तासाला ३० रुपये पडले. तुमच्या गावात निंदणाला गेलेल्या बाईला तासाला किती पडतात ते याच्याशेजारी लिहा. निंदणाचे जास्त असतील तर एकतर किंमत वाढवा, किंवा पापड लाटायचं यंत्र घेऊन तास कमी करा. हात असेच मोफत धरत राहिलात तर वर्षभरात गटातल्या बायका एकेक करून गळतील आणि दोष एकमेकींच्या स्वभावाला लागेल.

कुरडईची एक अडचण धंदा म्हणून बघताना लक्षात घ्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून तो शिजवायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. हे मार्च ते मेमध्येच नीट होतं. आभाळ आलं आणि कुरडई आतून ओलसर राहिली की बुरशी धरते, डब्यात वास मारते. म्हणजे वर्षाचा माल तीन महिन्यांत करून ठेवायचा आणि पैसा नंतर हळूहळू मोकळा व्हायचा. एवढे दिवस पैसा अडकून राहिला तर तुमचा जीव घाबरा होतो का? होत असेल तर सुरुवात मूगवडी आणि मसाल्यांपासून करा. त्यात पैसा लवकर फिरतो.

पैसे मागण्याबद्दल. समोरच्याचं मन राखायची तुमची ओढ मोठी आहे. वर सांगितलेल्या २००६ च्या अभ्यासात उद्योजकांमध्ये ही ओढ व्यवस्थापकांपेक्षा थोडी कमी दिसली होती, पण त्यावरून मन मोडत बसायची गरज नाही. स्वभाव बदलण्यापेक्षा नियम करणं सोपं असतं. गटाच्या बैठकीत ठराव करा : उधारी भांडवलाच्या दहाव्या हिश्श्याच्या पुढे जाणार नाही, एका घराला एका वेळी एकच उधारी, आणि उधारीची वही तुमच्याकडे राहणार नाही, दुसरीकडे राहील. मग ‘वहिनी, पुढच्या महिन्यात’ म्हटलं की तुम्हाला ‘नाही’ म्हणावं लागत नाही. ‘गटाचा ठराव आहे, माझ्या हातात नाही’ एवढं म्हणायचं. कोणी दुखावत नाही आणि पैसाही बुडत नाही.

तरी एक कसोटी स्वतःची घ्याच. आज तुमचे बाहेर अडकलेले पैसे लिहून काढा, त्यांतले तीन निवडा आणि आठ दिवसांत तिघांच्या घरी जाऊन मागा. मोठ्या आवाजात नको, चहा पीत मागा, पण रक्कम आणि दिवस बोला : ‘वहिनी, ३२० रुपये आहेत, सोमवारी द्याल?’ तिघांपैकी एकाकडेही जाणं झालं नाही तर वसुलीचं काम गटातल्या दुसऱ्या बाईकडे कायमचं सोपवा. तुम्ही स्वयंपाक, चव आणि मालाची पारख सांभाळा. प्रत्येक गटात एक रोखठोक बाई असतेच. तिचं तोंड फटकळ म्हणून तिला मागे बसवतात. तिला पुढे आणा.

वर्ध्यात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, खेड्यातल्या उद्योगांसाठी तिथे प्रशिक्षणं होतात. एकदा गटानं मिळून जाऊन या.

प्रश्न : माझं वय ३४, चांदूर बाजार तालुक्यात पाच एकर शेती आहे. १० लाखांचा डाळ मिलचा प्रकल्प करायचा आहे. अनुदान मिळतं. मी जोखीम घ्यायला घाबरत नाही, जे होईल ते होईल. उद्योजकाला हिंमतच तर लागते ना?

उत्तर : भाऊ, हिंमत लागते, पण ‘जे होईल ते होईल’ ही हिंमत नाही. डेव्हिड मॅकलेलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं यावर खूप काम केलं. त्याच्या प्रयोगांत लोकांना खुंटीवर कडी फेकायला सांगितलं जाई, उभं कुठून राहायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. काहीजण अगदी जवळून टाकत, काहीजण इतक्या लांबून की लागली तर नशीब. काही करून दाखवायची आस ज्यांच्यात जास्त, ते मधल्या अंतरावर उभे राहत, जिथे नेम साधणं अवघड असतं पण स्वतःच्या कसबावर जमू शकतं. १९६० च्या दशकात त्यांनी आंध्रातल्या काकीनाड्यात लहान व्यावसायिकांना हेच शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं, आणि ते घेतलेल्यांची धंद्यातली हालचाल पुढे वाढलेली दिसली. म्हणजे अंतर ठरवणं शिकता येतं. पहिल्याच फटक्यात १० लाख म्हणजे तुम्ही फार लांब उभे आहात.

तुमचं अंतर असं काढा. घरातली रोकड, ठेव, विकता येईल ते जनावर, सगळं लिहा. त्यातून वर्षभराचा किराणा, मुलांची फी, दवाखान्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम आणि पुढच्या पेरणीचं बी-खत वजा करा. जे उरलं ते बुडालं तरी घर उभं राहील. पहिल्या वर्षी तेवढीच रक्कम पणाला लावा. सारस सरस्वती या अभ्यासिकेनं मुरलेले उद्योजक विचार कसा करतात हे पाहिलं आणि २००१ मध्ये मांडलं. नफा किती होईल यापेक्षा तोटा किती परवडेल यावरून ते पहिलं पाऊल ठरवतात, असं त्यांना आढळलं. आकडा काढताना बायकोला सोबत बसवा. घरखर्चाचे खरे आकडे तिच्याजवळ असतात, आणि तिच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळेल की हे अंतर पेलणारं आहे की नाही.

आता कर्जाचं गणित. वर सांगितलेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला ग्रामीण भागात प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे १० टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांना ३५ टक्के आणि स्वतःचे ५ टक्के. पण हे अनुदान हातात येत नाही. बँक ते तुमच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवते आणि उद्योग चालू असेल तर मग कर्जात वळतं करते. तोवर हप्ता तुम्हालाच भरायचा. कर्ज ९ लाख, व्याज ११ टक्के, मुदत ५ वर्षं धरली तर महिन्याला साधारण १९,६०० रुपये होतात. अनुदानाच्या भरवशावर उद्योग निवडणारे इथेच फसतात.

मग वर्षाचे बारा महिने एका कागदावर मांडा. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापसाचा नोव्हेंबरपासून, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत येतो. जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकदम येतात. ऑगस्ट-सप्टेंबरात गावात पैसाच नसतो. मिलला तूर भरडायला लोक येतात ते बहुतेक फेब्रुवारी ते मे. हप्ता मात्र ऑगस्टमध्येही तितकाच. त्या महिन्यांत हरभरा, मूग, उडीद कुठून येणार हे लिहिता आलं नाही तर मिल अजून कागदावरही उभी राहिलेली नाही.

स्वभावाचा प्रश्न इथेच सुटतो. डाळीच्या धंद्यात साहसापेक्षा चिकाटी लागते. तूर आधी चाळून प्रतवारी करायची, मग टरफलाला ओरखडे पाडून तेल किंवा पाणी लावायचं, वाळवायची, पुन्हा फिरवायची. ओल नीट गेली नाही तर टरफल सुटत नाही. सोडवायला जास्त वेळ रगडली तर दाणा फुटतो, चुरी वाढते आणि उतारा पडतो. क्विंटलमागे ७०-७५ किलोच्या आसपास डाळ मिळाली तर ठीक. तीन-चार किलोंचा फरक म्हणजे तुमचा नफा किंवा तोटा. हा फरक पकडायचा तर प्रत्येक लॉटचं वजन आत जाताना आणि बाहेर येताना लिहावं लागतं, धुळीत, आवाजात, रोज. तुम्ही शेतीचा हिशेब लिहिता का? मागच्या खरिपात एकरी किती खर्च आला हे वही पाहून सांगता येतं का? येत नसेल तर मिलचाही हिशेब राहणार नाही, आणि ही गोष्ट हिंमतीनं भरून निघत नाही.

म्हणून या हंगामात एवढंच करा. एक क्विंटल तूर घ्या, गावाजवळच्या छोट्या मिलवर मजुरी देऊन भरडून घ्या, भरडताना दिवसभर तिथेच थांबा. डाळ, चुरी, भुसा वेगळा तोला. डाळीची एक किलोची पाकिटं करा आणि ३० दिवसांत रोखीनं विकून दाखवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी डाळ मिल अनेक गावांत चालते, तिथे जाऊन मालकाला उतारा आणि मोडतोड विचारा. सोबत तुमचा सिबिल अहवाल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीची नोंद, काढा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात, आणि थकलेलं पीककर्ज तिथे दिसतंच. महिन्याभरात ७० किलो डाळ विकली गेली, हिशेब लिहिला गेला आणि तरी तुम्हाला पुढच्या वेळी तीन क्विंटल करावीशी वाटली, तर मग १० लाखांची गोष्ट बोलू.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा, बी. ए. झाला. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात राहिला. आता घरी बसून असतो. मूल तालुक्यात त्याला किराणा दुकान टाकून द्यावं म्हणतो. तीन लाख जमवले आहेत. बरोबर आहे का?

उत्तर : काका, दुकान तुम्ही टाकून दिलंत तर ते तुमचंच राहील, तो फक्त गल्ल्यावर बसेल. आज त्याला अपयशाचं दुःख आहे. त्यावर दुकान हे औषध नाही. दुकान चाललं नाही तर तिसरं अपयशही त्याच्याच नावावर जाईल आणि तुमचे तीन लाखही.

भरतीच्या तयारीतून त्याचे काही गुण दिसतात, ते विसरू नका. पहाटे चारला उठून रोज धावणारा मुलगा आळशी नसतो. शिस्त आहे, शरीर आहे, एकट्यानं लांबपर्यंत टिकून राहायची ताकद आहे. हे गुण बसून करायच्या किराण्यात वाया जातात. फिरतीच्या कामात, म्हणजे दूधसंकलन, भाजीपाला पोचवणं, धान्याची वाहतूक, तेच उपयोगी पडतात. पण निवड त्यालाच करू द्या.

त्याला १०,००० रुपये आणि तीन महिने द्या. काय करायचं ते त्यानं ठरवावं, हिशेब दर रविवारी तुम्हाला दाखवावा, तुम्ही मध्ये बोलू नये. हे तुमच्यासाठी कठीण आहे हे आम्ही जाणतो. सोबत जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत नाव घाला. अग्रणी बँकेची ही संस्था असते, राहणं-जेवण आणि प्रशिक्षण मोफत असतं. तिथे त्याच्यासारखीच मुलं भेटतात, त्याचाही फायदा होतो. तीन महिन्यांनी पैसे कमी झाले असले तरी चालेल. त्यानं स्वतःहून दुसरी काही युक्ती केली का, तोटा झाल्यावर तो बाजारात गेला की खोलीत जाऊन बसला, एवढं पाहा. पुन्हा भरती द्यायची असेल तर तेही त्याच्या तोंडून ऐका.

प्रश्न : मी आणि माझा मित्र मेहकर तालुक्यात शेतीऔजारांची वेल्डिंग-दुरुस्ती एकत्र सुरू करणार आहोत. दोघंही कामात पक्के आहोत. भागीदारी जमेल का हे आधी कसं ओळखावं?

उत्तर : दोघंही कामात पक्के ही खुशीची गोष्ट वाटते, पण तीच अडचण ठरू शकते. दोघंही वेल्डिंगला उभे राहिले तर लोखंडाचा भाव करायला कोण जाईल, पैसे कोण मागेल आणि वही कोण लिहील? दोघांनी वेगवेगळं बसून तीन यादी करा : मला करायला आवडतं, मला जमतं पण आवडत नाही, माझ्याच्यानं होत नाही. मग यादी शेजारी ठेवा. एकच काम दोघांच्याही तिसऱ्या यादीत असेल तर ते काम करणारा माणूस पगारानं ठेवावा लागेल, किंवा दोघांपैकी एकानं ते शिकावं लागेल. याचा निर्णय झाल्याशिवाय शटर उघडू नका.

पैशाबाबत एकमेकांना पाहायचं असेल तर यंदा गावच्या शारदा उत्सवाची वर्गणी आणि खर्च दोघांनी मिळून सांभाळा. वर्गणी मागताना कोण पुढे होतो, खर्चाची पावती कोण जपतो, शेवटी दोनशे रुपये जुळले नाहीत तर कोण स्वतःच्या खिशातून घालून गप्प बसतो आणि कोण शोधत राहतो, हे सगळं दहा दिवसांत दिसतं. शोधणाऱ्याकडे वही द्या. गप्प बसून स्वतःचे घालणारा प्रामाणिक असतो, पण त्याच्या मनात ते साठत जातं आणि दोन वर्षांनी एकदम बाहेर येतं.

सुरू करण्याआधी कागदावर पाच गोष्टी लिहून दोघांनी आणि घरच्या एकेका मोठ्या माणसानं सह्या करा : कोणाचे किती पैसे, महिन्याला घरी न्यायची रक्कम किती, किती रुपयांच्या पुढचा खर्च एकट्यानं करायचा नाही, नातेवाइकांची उधारी कोणाच्या नावावर, आणि वेगळं व्हायचं ठरलं तर वेल्डिंग मशीन व जागा कोणाकडे राहील आणि दुसऱ्याला किती महिन्यांत किती पैसे मिळतील. पाचवी गोष्ट बोलताना मित्राला वाईट वाटलं तर तिथेच थांबून ती पुरती बोलून घ्या. सोयऱ्यांच्या ट्रॉलीला फुकट वेल्डिंग करायचं की नाही, हेही चौथ्या मुद्द्यातच लिहून ठेवा. पहिल्या हंगामात सगळ्यात आधी तोच प्रसंग येतो.